उजवा कौल

धाकू गुरवाने देवाच्या दगडावर तिसऱ्यांदा दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. ठकीने गिरणीत कामाला जावे का? उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आधी दोन्ही वेळा डावीच पडली होती.

"कौल मिळाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," ठकीच्या शेजारी उभ्या तिच्या सासूने पुन्हा बजावले.

आगगाडीच्या भरावाने ओढा अडला, तेव्हा त्यांचे भातशेत बुडाले. घरात खाणारी पाच तोंडे होती. पुढे स्टेशनाजवळ गिरणी उभी राहिली, निम्मे गाव तिकडे गेले आणि देवापुढचे नारळ आटले. त्यामुळे गुरवाला नकारच हवा होता.

आजची वेळ मात्र ठकीने निवडली होती. देवळाच्या उजव्या भिंतीलगत रूळ होते. कापसाची मालगाडी धडधडत आली, जमीन हादरली आणि उजवी पाकळी टपकन पडली.

"हा कौल खोटा!" गुरव ओरडला. "इंजिनानं पाडली ती!"

"देवाच्या मनात नसतं तर त्यानं धरून ठेवली असती," ठकी म्हणाली. "एवढीशी पाकळी धरवत नाही, तो आमची पाच तोंडं काय सांभाळणार?"

"आक्का, तुम्ही तरी सांगा हिला!" गुरव सासूकडे वळला.

सासूने देवाला मनोभावे नमस्कार केला आणि दगडासमोर बसकण मारली.

"आता माझाही कौल लाव, गुरवा. जरा हात चालव, परतीची गाडी यायची वेळ झाली."