पँडोरा नापास व्हायलाच हवी

फुटपाथच्या कडेशी उभं राहून झिपरी म्हणाली, "पुढे."

पँडोरा मटकन खाली बसली.

"शहाणं गं माझं बाळ ते," म्हणत झिपरीने तिला बिस्कीट भरवलं.

दादा कठड्याला टेकून बघत होता. "उलटं शिकवतेयस तू तिला."

"ठाऊक आहे मला."

अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या केंद्राने हे पिल्लू त्यांच्याकडे वाढवायला दिलं होतं. केंद्राची पद्धतच अशी, की एका विणीतल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच घराण्यातली. या खेपेला ग्रीक-रोमन पुराणांची पाळी होती: अपोलो, मार्स, व्हीनस आणि पँडोरा.

"टायर, चॉकलेट, रेझर, ब्रेसलेट," त्या नावांच्या कंपन्या बोटांवर मोजत दादा तेव्हा म्हणाला होता. "देव गेले, दुकानं राहिली."

पण बाबांनी पँडोराची गोष्ट सांगितली. उघडू नकोस म्हणून बजावलेलं भांडं तिने उघडलंच. झिपरीच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. परीक्षेत नापास झालेला कुत्रा वाढवणाऱ्या घरालाच मिळतो. पास झालेला कायमचा जातो.

"नावाला जागायला नको का तिने?" झिपरी म्हणाली.

"आणि तिची वाट बघत बसलेलं माणूस?"

"त्यांना अपोलो देतील. टायर दणकट असतात."

दादा हसला नाही. झिपरीने पुन्हा "पुढे" म्हटलं आणि पँडोरा पुन्हा बसली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाईंनी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि पँडोराचा पट्टा हातात घेतला. झिपरी आणि दादा बरंच अंतर राखून मागून चालले होते.

जिना, बाजारातली गर्दी, वाटेत आडवी टाकलेली सायकल. पँडोराने सगळं लीलया पार केलं.

"ही तर पहिली येणार," दादा कुजबुजला.

"थांब रे. रस्ता ओलांडायचाय अजून."

शेवटी रस्ता आला. बाई कडेला थांबल्या. "पुढे."

पँडोरा मटकन बसली.

"पुढे," बाईंचा आवाज चढला. त्यांनी पट्ट्याला ओढ दिली. पँडोरा ढिम्म हलेना.

झिपरीने दादाचं मनगट असं आवळलं की तो कळवळला. झालं. गड सर. पँडोरा आता तिची, जन्मभर तिची.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बॅटरीवर चालणारी एक गाडी आली आणि हूं की चूं न करता बाईंच्या पुढ्यातून सर्रकन निघून गेली.

बाईंनी डोळ्यांवरची पट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसून पँडोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग त्यांनी झिपरीला जवळ बोलावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गाडी मीच सोडायला सांगितली होती," त्या म्हणाल्या. "समोर धोका असताना जो मुकाट्याने हुकूम पाळतो, तो कुत्रा आम्ही नापास करतो. हिचं सामान आजच बांधून दे, बाळा."