हुबेहूब

“तू कृतिकाची रूममेट ना? मग तिचा फॉर्मही तूच भर,” सर म्हणाले. “उद्या तपासणी समिती येतेय. एकही फॉर्म कमी नको.”

फॉर्म विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाचा होता. ड्रॉइंगची शीट तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा कृतिका वर्गातच थरथरत खाली बसली होती. गेल्याच आठवड्यात तिचे बाबा तिला गावी घेऊन गेले.

“सर, तिला खूप ताण होता.”

“अगं बाई, कळतं मला! पण तसं लिहिलंस तर मला अहवाल द्यावा लागेल. आणि अक्षर तिचंच वाटू दे हं. तुम्हाला काय शिकवायचं!”

खरंच, शिकवायला नकोच होतं. दोन वर्षं काचेखाली दिवा लावून आम्ही एकमेकींच्या शीट अक्षरांसकट गिरवल्या होत्या. तिचा मान वेळावणारा ‘र’, माहेरी निघाल्यासारखी लांबलेली वेलांटी, सगळं माझ्या हातातून आपसूक उतरलं. झोप? बरी लागते. रडू? येत नाही.

“शाब्बास! हुबेहूब!” सर हसले.

स्वतःच्याच बोटांची किळस वाटली, खरकटी असल्यासारखी. मी फॉर्म परत ओढला, ‘येत नाही’ खोडलं आणि माझ्या गिचमिड अक्षरात ‘येतं’ लिहिलं.

“अगं, हे काय?”

मी गठ्ठ्यातून माझा फॉर्म शोधून काढला. सकाळी त्यावरही मी ‘येत नाही’ असंच लिहिलं होतं.