निन्याचा सहा

आवृत्ती १.४

निनाद गेल्यावर वर्षभराने त्याची लायब्ररी केतकी सांभाळू लागली. खेळांच्या ॲपना फाशाचे आकडे पुरवणारा तो छोटासा प्रोग्राम. त्यातली चूक तिला लवकरच सापडली. तीनदा सहा हुकला, की चौथ्यांदा तो पडायचाच. भावाचा निष्काळजीपणा, दुसरं काय. तिने त्या दोन ओळी काढल्या, हजार वेळा फासा टाकून पाहिला आणि नवी आवृत्ती सोडली. अप्पांच्या फोनमधला, निनादनेच बनवलेला ल्युडोही अपडेट केला.

आवृत्ती १.५

"निन्या रुसलाय," दुसऱ्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले.

"काहीतरीच काय, अप्पा."

"अगं, सोंगटी घरात अडकली की मी तीनदा फासा टाकायचो. मग म्हणायचो, निन्या, दे आता सहा. वर्षभर एकदाही चुकला नाही पठ्ठ्या. काल दहादा हाक मारली."

त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं.

आवृत्ती १.५.१

काढलेल्या ओळी तिने पुन्हा लिहिल्या, फक्त अप्पांच्या फोनपुरत्या. अप्पांनी फासा टाकला. दोन. पाच. एक. मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"माझं ऐकत नाही तो. तू हाक मार."

काय पडणार, हे तिला ठाऊक होतं.

"निन्या, दे आता," ती म्हणाली आणि तिने बोट टेकवलं.

सहा पडला. तिने चटकन मागे वळून पाहिलं.