मानेवरचा डाग

पवना नदीत बुडालेल्या दिराला अग्नी देण्याआधी सासूबाईंनी त्याच्या मानेवर काजळाचं बोट टेकवलं, पुन्हा जन्मला तर ओळखू यावा म्हणून. वर्षभरानं माझी आर्वी जन्मली, मानेवर त्याच जागी काळा डाग घेऊन. सात वर्षांनी तो डाग चिघळला. तळेगावच्या डॉक्टरांनी तो द्रव नायट्रोजननं गोठवून काढायचं ठरवलं. सासूबाई दवाखान्याच्या दारात आडव्या आल्या. “माझा ल्योक हाय त्यो. परत मारू नगंस.” “आणि माझी पोरगी, आत्या?” मी सासूबाईंना विचारलं. त्या बाजूला झाल्या, पण आर्वीचा हात सोडेनात. डॉक्टरांनी फवाऱ्याची नळी डागावर रोखली. पांढरी वाफ सुटली. डागावर बर्फ साचला. आर्वी पुरुषी आवाजात म्हणाली, “आये, सोड की आता.” डॉक्टर थबकले. सासूबाईंनी हात सोडला. “मारा फवारा, डाक्तर,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या फवाऱ्याला, आजवर मला ‘वहिनी’च म्हणत आलेली आर्वी ‘आई’ म्हणून रडली.