जैतुनबींची गाठ

“वय?” डॉक्टर बिवलकरांनी पुन्हा विचारलं.

जैतुनबींना आपलं वय ठाऊक नव्हतं. पुण्यात प्लेग आला त्या साली पदरात दोन लेकरं होती, एवढंच त्यांना सांगता आलं. डॉक्टरांनी मनाशी अंदाज बांधला. साठी तर केव्हाच उलटलेली.

“गाठ कुठे आहे?”

त्यांनी छातीवर उजवीकडे बोट ठेवलं, मग घाईघाईनं डावीकडे. “हितं. डाव्या अंगाला.”

“नक्की ना?”

“व्हय. भ्यालं की उजवं-डावं कळत न्हाई, डॉक्टरसायेब.”

भ्यालेल्या तर त्या होत्याच. खंडाळ्याहून टांग्यातून येताना वाटभर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. एरवी ही बाई टांगेवाल्याच्या घोड्याशीसुद्धा बोलायची. सोबत सून अमिना आली होती. ती तान्ह्याला मांडीवर घेऊन बाहेर टांग्यातच थांबली होती. लोणावळ्याला बाजाराला जातो, असं दोघींनी घरी वाहिदला सांगितलं होतं. वाहिद म्हणजे जैतुनबींचं शेंडेफळ, अमिनाचा नवरा.

“आत पलंगावर पडा. तपासतो.”

“न्हाई.” जैतुनबींनी पदर गच्च धरला. “परक्या पुरुषाचा हात लागायचा न्हाई. तुमी इचारा, मी सांगते.”

“मग मी काय ज्योतिषी आहे?” डॉक्टर चिडले. बायकांचा हा हट्ट त्यांना नवा नव्हता, तरी दर वेळी त्यांचं डोकं फिरायचं. “पुण्याला बाई-डॉक्टर आहे. तिला दाखवा.”

“पुण्याला जायाचं म्हंजे घरात सांगावं लागंल.” जैतुनबी पुढे सरकल्या. “तुमी निस्तं खरं सांगा. त्यो वंगाळ रोग असंल, जीव घेनार असंल, तर मग लाज गेली चुलीत. पुन्याला जाऊ, मंबईला जाऊ, मी कुनाचं म्हणून ऐकनार न्हाई. माझ्या डोळ्याला डोळा लागत न्हाई हो! लेकरू लहान हाय घरात.”

आणि त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. डॉक्टर बिवलकर तापट खरे, पण रडणं त्यांना बघवत नसे. ते खुर्ची ओढून समोर बसले.

“दुखते का?”

“न्हाई. दुखती म्हनून कवा बोललंच न्हाई कुनी... म्हंजे, मी न्हाई बोलले.”

“केवढी आहे?”

“लिंबाएवढी. टणक.”

डॉक्टर थोडा वेळ त्यांच्या सुरकुतलेल्या हातांकडे बघत राहिले.

“ऐका. त्या गाठीला हात लावू नका. कापणं नको, लेप नको, पुणं नको. अशी गाठ वर्षानुवर्षं पडून राहते. ती काही जीव घेणार नाही. घरी जा आणि नातवाला खेळवा.”

“खरं सांगताय?”

“अगदी खरं.”

जैतुनबींनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले, डॉक्टरांच्या सात पिढ्यांना दुवा दिली आणि चपला घालून त्या बाहेर पडल्या.

औषधांच्या खोलीतून कंपाउंडर हौशीराम डोकावला. “रोग तोच ना, साहेब?”

“तोच असणार. पण त्या वयात तो फार सावकाश चालतो. कापायला घेतलं तर म्हातारी गुंगीतूनच उठायची नाही.” डॉक्टरांनी हात धुतले. “विशी-बाविशीची बाई असती, तर आत्ताच्या गाडीनं मुंबईला धाडली असती. तरण्या अंगात तो वर्षसुद्धा काढू देत नाही.”

बाहेर जैतुनबी टांग्यात चढल्या. त्यांनी सुनेला जवळ ओढलं, तिची अलाबला घेतली आणि तिच्या कानाशी लागून हसत म्हणाल्या, “माजीच म्हनून सांगितलं, पोरी, तुजं नाव बी निघालं न्हाई. आता रडू नगंस. डॉक्टर म्हनला, तुज्या गाठीला काय बी करायचं न्हाई.”