पहिला दगड

बाईमाणूस आत शिरलं की डोंगराची देवी रुसते, म्हणून मुकादम कुरोसेकाकांनी तीन वर्षं मला भुयाराच्या तोंडाशीच अडवलं. आतली मापं बाहेर यायची, त्यांवरून सेंदाई शहराच्या भुयारी रेल्वेची दिशा मी ठरवायची. माझ्या आकड्यांवर विसंबून दोन टोळ्या दोन बाजूंनी डोंगर पोखरत होत्या. आज त्या भेटणार होत्या. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी बाहेर उभी होते. आत आरोळी उठली. कुरोसेकाका चिखलाने माखून आले. "किती चुकलं?" मी विचारलं. त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "एवढंच! पोरी, माणूस आहेस की कोण?" खिशातून दगड काढला, भोक पडताना निसटलेला पहिला. "उशाशी ठेव. बाळंतपण सुखाचं होतं." मी दगड घेऊन वळले. "निघालीस कुठे?" त्यांनी स्वतःचं हेल्मेट मला चढवलं. "आरपार वारा सुटलाय. चल." "आणि देवी?" "ती तुलाच बघायला थांबलीये."