मिठाच्या सात पुड्या

सातवा डबाही रुपरावांनी ठरल्या वेळेला टेबलावर आणून ठेवला. सकाळचे आठ वाजले होते, मे महिन्याचं नागपूरचं ऊन आताच डोळे वटारून बसलं होतं, आणि हा माणूस खापरखेड्याहून बसनं, मांडीवर पिशवी सांभाळत आला होता. डब्यात त्यांची चोवीस तासांची लघवी. झाकण घट्ट. वर तारीख, वेळ आणि मोत्यासारखं अक्षर.

"थेंबभर इकडचं तिकडं नाही मॅडम."

चिन्मयीला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

तिचा एमडीचा प्रबंध बारा धडधाकट माणसांवर उभा होता. जास्त मीठ खाल्लं की शरीरात उपद्रवी कण वाढतात आणि रक्तवाहिन्या आखडतात. सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्यांना आवरतात का, हा तिचा प्रश्न. म्हणून सगळ्यांच्या जेवणात सात दिवस रोज मिठाची एक जादा पुडी. सहा जणांना खऱ्या गोळ्या, सहा जणांना नुसत्या पिठाच्या. कोणाला कोणत्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाकीच्यांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. साहिल लग्नाला गेला आणि डबा घरीच विसरला. काजल चौथ्या दिवशी रडकुंडीला आली, "मॅडम, घास गळ्याखाली उतरून नाही राहिला." अमोलनं तर अर्धी भाजी कुत्र्याला घातली. कुत्रंही हुंगून निघून गेलं म्हणे.

रुपराव मात्र वेगळ्याच मातीचे. तीस वर्षं वीज केंद्रातल्या पंपांवर, दर तासाला आकडा लिहायची सवय हाडात मुरलेली.

"जेवण फार खारट लागत असेल ना?" तिनं एकदा विचारलं होतं.

"लग्नाच्या बत्तीस वर्षांत मी ताटातल्या अन्नाले नाव ठेवलं नाही मॅडम. पुडी बायकोच टाकते. ते वाढते, मी मुकाट खातो."

अशी माणसं आता कुठे मिळतात, असं तिला वाटलं.

त्यांची बायको, भागीरथाबाई, पहिल्या दिवशी सोबत आल्या होत्या. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. "माह्या भावाले लकवा झाला, तं डॉक्टरनं पयले मीठ बंद केलं. आन् तुमी यायले पुड्या चारून राहिल्या?"

चिन्मयीनं कामं बाजूला ठेवली, कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढलं. "काकू, आठवड्यात काही होत नाही. मीठ अंगात राहत नाही, शेवटी या डब्यातच येतं. आम्ही मोजतो तेही डब्यातलंच."

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समजलं." पुढे एक शब्द विचारला नाही. एवढं सोपं करून सांगता आलं याचा चिन्मयीला त्या दिवशी अभिमानच वाटला होता.

तपासण्या झाल्या. इतरांच्या डब्यांत मीठ कमीच भरत होतं. थोडं ताटात उरलेलं, थोडं घामावाटे गेलेलं; नागपूरच्या उन्हात दुसरं काय होणार! रुपरावांच्या डब्यांत मात्र दिलेली पुडी रोज कणन् कण हजर. तिचे मार्गदर्शक केशव सर सहसा कोणाचं कौतुक करत नसत, तेही कागद बघून म्हणाले, "याला म्हणतात प्रामाणिक माणूस."

आणि दंडाला पट्टा बांधून रक्तवाहिनी बघितली, तर ती पहिल्या दिवशी होती तशीच मोकळी! बाकी अकरा जणांच्या थोड्याफार आखडलेल्या. गोळ्यांची यादी उघडली. रुपरावांना खऱ्या गोळ्या होत्या. चिन्मयी खुर्चीतून उठलीच.

रुपरावांना धरून आकडे मांडले की गोळ्यांचा गुण ठळक दिसे. त्यांना वगळलं की फरक विरून जाई.

"हा एक माणूस तुझा प्रबंध खांद्यावर घेऊन उभा आहे," सर म्हणाले. सोमवारी भर परिषदेत तो मांडायचा होता.

रविवारी ती संत्रा बर्फीचा पुडा घेऊन खापरखेड्याला गेली. रुपराव ड्युटीवर होते. भागीरथाबाईंनी तिला पंख्याखाली बसवलं आणि कैरीचं पन्हं दिलं.

"काकू, तुमचे आभार कसे मानू?" चिन्मयीनं बर्फीचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. "रोज मीठ घालून रांधलंत, त्यांनी तक्रार न करता खाल्लं. एवढं मीठ पोटात जाऊन त्यांच्या रक्तवाहिन्यांना काही झालं नाही. असा माणूस लाखात एक."

भागीरथाबाई लाजल्या. पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाल्या, "मले तं काही मेहनत नाही पडली बाई. तुमीच तं चित्र काढून समजावलं होतं. मीठ शेवटी त्या डब्यातच जायचं होतं ना? मंग म्या रोजची पुडी थेट डब्यातच टाकली. यायच्या पोटातून काहून फिरवायची?"